बोट बटणावर, तोंड चालू

"किती वेळ लागेल?" हा प्रश्न मला एकतीस वर्षांत जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा "कसे आहात?" हा विचारला गेला नाही. स्वयंपाकघरात एक सॉकेट बसवायचं म्हणजे भिंतीत एक डबा, डब्यात तीन वायरी, वर झाकण आणि दोन स्क्रू. लोकांच्या मते दहा मिनिटांचं काम. दोह्यातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनीही तेच विचारलं, "हमीदभाई, चार पानं लिहायला किती वेळ लागेल?" मी म्हटलं, ताई, भिंत उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

मी दापोलीकडचा. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची, त्यामुळे लिहिता येतं. चांगलं येतं की नाही ते तुम्ही बघा. दोह्यात आलो तेव्हा हातात वायरमनचा दाखला होता आणि मिशी काळी होती. दाखला अजून तसाच आहे.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. सॉकेटच्या मागं तीन वायरी असतात. एक फेज, तिच्यातून करंट येतो. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून तो परत जातो. तिसरी अर्थ. ती एरवी काहीच करत नाही, पण यंत्र बिघडलं तर माणसाचा जीव वाचवते, आणि म्हणूनच कामचुकार लोक पहिल्यांदा तिलाच गाळतात. कोण कुठली हे ओळखायला रंग असतात. आम्हाला शिकवलं होतं, लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. इथं आलो तर जुन्या घरांत लाल-काळी, नव्या घरांत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. त्यात थ्री-फेज आली, म्हणजे तीन फेज तीन रंगांच्या वायरींतून येतात, की जुन्या पद्धतीत निळी ही फेज आणि नव्या पद्धतीत काळी ही फेज. एका घरात जी निळी गरीब गाय, तीच शेजारच्या घरात शिंगं उगारून उभी. आणि ज्या व्हिलात तीन वेगवेगळ्या देशांचे इलेक्ट्रिशियन येऊन गेलेत, तिथं रंगांबद्दल बोलायचंच नाही.

हे ज्ञान मला फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या एका फ्लॅटनं दिलं. माणगाव-महाडकडची सहा पोरं एकत्र राहायची. त्यांनी गावाहून मिक्सर आणला होता, त्याला सॉकेट हवं होतं. मी नवा होतो, म्हणजे भलताच हुशार होतो. भिंत उघडली, आत लाल आणि निळी. आदल्या दिवशी नव्या इमारतीत निळी न्यूट्रल बघितली होती, म्हणून इथंही तीच असणार असं मी ठरवलं आणि जोडून मोकळा झालो. इथली निळी फेज होती. दोन फेजच्या मध्ये मिक्सर बसला, म्हणजे दोनशे चाळीसच्या जागी चारशे पंधरा व्होल्ट. भांड्यात ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर. बटण दाबल्याबरोबर विमान सुटावं तसा आवाज झाला, झाकण उडालं, सगळी चटणी छताला गेली आणि मग मिक्सरनं शांतपणे धूर सोडला. कोणी ओरडलं नाही. त्यांच्यात वयानं मोठा होता त्यानं भिंतीवरून ओघळलेली चटणी बोटानं चाखली आणि म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय. वाढून घ्यायला शिडी आण." पुढच्या शुक्रवारी मी ते छत रंगवून दिलं. तेव्हापासून रंगाला मी फक्त नाव विचारतो, खरं-खोटं टेस्टरला विचारतो, आणि टेस्टरलाही दोनदा.

दुसरा नियम याकूबचा. याकूब श्रीवर्धनकडचा, माझा जोडीदार, बावीस वर्षं आम्ही एका गाडीतून फिरलो. कुठली वायर कुठल्या बटणाची हे शोधायला दोन माणसं लागतात. एकजण बोर्डापाशी, म्हणजे घरभर करंट वाटून देणाऱ्या त्या पेटीपाशी उभा राहून एकेक बटण पाडतो, म्हणजे बंद करतो. दुसरा वायरीपाशी बसून ती मेली का ते बघतो. मेली की हा दुसरा तिला हात घालतो, आणि पहिल्यानं बटणावर बोट ठेवून बोलत राहायचं. आवाज येतोय म्हणजे माणूस जागेवर आहे आणि बटण बंद आहे. आवाज थांबला की हात बाहेर, कारण नंतर विचारायचं. याकूब "बंद आहे, बंद आहे" म्हणून कंटाळला, मग तो श्रीवर्धन ते मुंबई एसटीचे थांबे म्हणायला लागला. एकदा म्हसळा झालं, माणगाव झालं आणि गप्प. मी हात ओढला. दोन सेकंदांत वायर जिवंत. याकूब पाणी प्यायला गेला होता आणि घरातल्या बाईंना इस्त्री करायची होती, त्यांनी बटण वर केलं होतं. त्या दिवशी मी याकूबला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आता बटणाला लावायची छोटी कुलपं मिळतात. माझ्या पेटीत आहेत. कुलूप लावा, किल्ली खिशात, खलास. पण जुन्या बोर्डांना ती बसत नाहीत. याकूब नऊ वर्षांपूर्वी गावी परत गेला. फोन केला तर "हं, बरं, ठीक" एवढंच बोलतो. समोर बोर्ड नसला की त्याला बोलणं सुचत नाही बहुतेक. मला त्याची फार आठवण येते. हे इथं लिहून टाकतो, कारण फोनवर मीही सांगत नाही.

आता गिरणीची गोष्ट. गेल्या दिवाळीची.

अल अझीझियात एक जुना व्हिला आहे. मालकानं मधोमध जिप्समची भिंत घालून त्याची दोन घरं केली. अर्ध्यात कोल्हापूरच्या संगीतावहिनी, अर्ध्यात नागपूरच्या वीणाताई. दोघींचे नवरे एकाच कंपनीत. व्हिलाचं मूळ स्वयंपाकघर संगीतावहिनींच्या वाट्याला आलं. वीणाताईंचं स्वयंपाकघर म्हणजे पूर्वीची सामानाची खोली, तिथं एकच जोडसॉकेट. त्यावर फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि किटली. त्यात नागपूरहून कार्गोनं घरगुती पिठाची गिरणी आली. ताईंनी ती एक्स्टेंशन लावून सुरू केली आणि एक्स्टेंशन वितळलं. म्हणून मला फोन.

बुधवारी अकरा वाजता पोहोचलो. ओट्यावर मोठ्या परातीत भाजणी. भाजून, गार करून तयार, घरभर धण्याचा वास.

"हमीदभाई, हे आजच दळलं गेलं पाहिजे," वीणाताई म्हणाल्या. "उद्या चकल्या तळायच्या आणि परवा मंडळाचं फराळ. सगळ्यांच्या चकल्या मी करते म्हणून सांगून बसली मी. नाही झाल्या तर ती हसेल ना."

"ती कोण?"

ताईंनी नाव घेतलं नाही, हनुवटीनं भिंत दाखवली. मग हळू आवाजात हकिकत सांगितली. आदल्या वर्षी संगीतानं चकलीचं प्रमाण दिलं. चार वाट्या भाजणीला एक वाटी तेलाचं मोहन. तसं केलं, तर चकल्या कढईत पडल्या पडल्या विरघळल्या. एकही उभी राहिली नाही. घरी पाहुणे बसलेले. "मुद्दाम चुकीचं सांगितलं तिनं. तेव्हापासून नाही बोलत मी. वर्ष होऊन राहिलं."

"एका भिंतीला राहून?"

"त्यात काय. तिच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की मी माझी डाळ उतरवते. पण बोलत नाही."

मी भिंतीकडं वळलो. ओट्याच्या वर एक झाकणबंद डबा होता. अशा डब्यात बहुतेक जुनी लाइन तयार सापडते. उघडला. आत लाल, काळी, हिरवी, अगदी माझ्या शाळेतली. टेस्टर लावला, लाल जिवंत. ताईंच्या बोर्डावरचं किचनचं बटण पाडलं, लाल जिवंत. मग सगळी बटणं पाडली, शेवटी मेन पाडला. एसी थांबला, फ्रीज थांबला, आतल्या खोलीतून मुलगी "मम्मा, नो वायफाय" म्हणाली. अख्खं घर मेलं आणि लाल वायर जिवंत.

"बाप्पा," ताई म्हणाल्या, "हे भूत आहे का?"

भूत नव्हतं. वायर भिंतीपलीकडून येत होती. मालकानं घर कापलं, वायरी कापल्या नाहीत. त्या वायरीचं बटण संगीतावहिनींच्या बोर्डावर होतं.

"मग तुम्ही जा ना तिकडं," ताई म्हणाल्या. "माझं नाव नका काढू."

दोन घरांची दोन फाटकं, एक पुढं, एक मागच्या गल्लीत. दिवाळीच्या तोंडावरही इथं दुपारी ऊन मी म्हणतं. मी वळसा घालून गेलो. संगीतावहिनींनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सगळं ऐकलंय मी. कोन हसणार हाय म्हने?"

मी म्हटलं, वहिनी, बोर्ड दाखवा. बोर्ड जुना, माझं कुलूप बसेना. बटणांखाली कोणीतरी पेनानं नावं लिहिलेली, सगळी मल्याळममध्ये. लिहिणारा माणूस नेटका असणार, पण आता तो केरळात आणि मी इथं. म्हणजे एकेक बटण पाडून बघणं आलं, आणि त्याला दोन माणसं हवीत. मी वहिनींना याकूबचा नियम सांगितला. बोट बटणावर, तोंड चालू.

"तिला पायजे तर तिनं यावं की विचारायला."

"तिचं सोडा. हात माझा असणार आहे त्या डब्यात."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्यासाठी थांबतो," म्हणाल्या. "तिच्यासाठी न्हवं." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषांसारखं येतो-जातो म्हणतात. पलीकडून नुसतं ऐकणाऱ्याला वाटावं की बोर्डावर भरवशाचा गडी उभा आहे, आणि मला तेव्हा तसंच वाटून घ्यायचं होतं.

पुन्हा वळसा, पुन्हा उन्हातून ताईंच्या ओट्यापाशी. भिंतीतून सगळं ऐकू येत होतंच. पहिलं बटण. "पाडलं," पलीकडून. जिवंत, मी म्हटलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला वहिनींचा एसी गेला, पाचव्याला टीव्ही. सातव्याला लाल वायर मेली. दोनदा तपासली. "हेच," मी ओरडलो. "आता बोट काढू नका आणि बोलत राहा."

"बंद हाय," वहिनी म्हणाल्या. "बंद हाय. बंद हाय."

मी वायरी ओढून बाहेर काढल्या आणि सोलायला घेतल्या. वीणाताई पाठ करून परातीतली भाजणी उगाच ढवळत होत्या.

"बंद हाय. बंद हाय. हमीदभाई, दुसरं काय बोललं तर चालतंय का?"

"काहीही बोला, थांबू नका."

बाई दोन सेकंद विचारात पडली, तेवढ्यात माझा हात बाहेर आला. मग पलीकडून सुरू झालं, "तांदूळ चार वाट्या. हरभऱ्याची डाळ दोन. उडीद डाळ एक. मूग डाळ अर्धी. धणं मूठभर, जिरं त्याच्या निम्मं."

माझा हात पुन्हा आत गेला. ताईंचा हात परातीत थांबला.

"सगळं वेगवेगळं भाजायचं," भिंत सांगत होती. "भाजणी चार वाट्या घेतली की मोहन एक वाटी, लई कडकडीत न्हाई करायचं."

"एक वाटी," वीणाताई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "ऐकलं ना. अजून तेच सांगून राहिली."

"तेच सांगनार," भिंत म्हणाली. "माझ्या आईची वाटी हाय ती."

"तुझ्या आईच्या वाटीनं माझ्या चकल्या विरघळल्या."

"तू कुठल्या वाटीनं घेतलं तेल?"

"वाटीनं म्हणजे वाटीनं. आमटीच्या."

पलीकडं शांतता. मी हात बाहेर काढला. "वहिनी, बोला," मी म्हटलं, "भांडा, पण बोला."

"आमटीच्या वाटीनं तेल," वहिनी इतक्या खोल आवाजात म्हणाल्या की मला भाजणीची कीव आली. "अगं, तेलाची वाटी. तेलाच्या भांड्यात असती ती. एवढीशी."

"एवढीशी म्हणजे केवढी? मला भिंतीतून दिसून राहिलं का?"

"ही बघ, एवढी."

माझा हात या वेळी आत होता, कोपरापर्यंत घाम होता. मी अगदी सावकाश विचारलं, "वहिनी, कुठल्या हातानं दाखवलंत?"

"दोन्ही," वहिनी म्हणाल्या.

पाडलेलं बटण आपोआप वर जात नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या हाताला ठाऊक नाही. तो डब्यातून इतक्या जोरात निघाला की परातीच्या काठाला लागला आणि दोन मुठी भाजणी माझ्या शर्टावर सांडली. मी मटकन खाली बसलो. आधी भिंतीपलीकडून हसू आलं, मग अलीकडून. ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"वर्षभर मला वाटलं," त्या भिंतीला म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं."

"मला वाटलं तुला माझ्या हातचं आवडलं न्हाई, म्हनून बोलंनास," भिंत म्हणाली.

मी मध्ये बोलायला नको होतं, पण काम ते काम. वायर सोलल्यावर जे दिसलं ते सांगणं भाग होतं. ती दिव्याची बारीक वायर होती, कधीकाळी खोलीतल्या बल्बची, वरचं वेष्टण करपलेलं. गिरणीसाठी उपयोग नाही. आणि जाड असती तरी शेजारच्या बोर्डावरून घेतलेली लाइन मी जोडली नसती, असल्या कामानं माणसं मरतात. दोन्ही टोकं बंद करून ती कायमची तोडायची आणि ताईंच्या बोर्डावरून नवी जाड केबल ओढायची. केबल आणायला हवी, शनिवारशिवाय जमणार नाही. तास-दीड तास दोन घरांत धावून, एक वर्षाचं भांडण डोक्यावर घेऊन मी जी वायर ओळखली, ती कुचकामी निघाली.

वीणाताईंचा चेहरा पडला. त्यांनी परातीवर झाकण ठेवलं. "मग झालं," म्हणाल्या. "सांगून टाकते मंडळात, चकल्या नाहीत म्हणून."

भिंत म्हणाली, "हमीदभाई, त्या गिरणीला चाकं हायत का?"

मी खाली बघितलं. "आहेत, चार."

"मग ढकला की इकडं. माझ्याकडं मोकळं सॉकेट हाय."

वीणाताई परात उचलून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, चपलासुद्धा उलट्या पायांत घातल्या. गिरणीचा इंडियन प्लग इथं बसत नाही, तो बदलून दिला आणि मी गिरणी ढकलत पुढच्या फाटकातून मागच्या गल्लीत निघालो. मागं परात घेऊन ताई. कोपऱ्यावर एका पाकिस्तानी ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "चाचा, फ्रिज बेचने जा रहे हो?" मी म्हटलं, नहीं भाई, शादी का सामान है. त्यानं मुबारक दिली.

दारात दोघी समोरासमोर आल्या. मी मिठ्याबिठ्यांची तयारी ठेवली होती, त्यातलं काही झालं नाही. संगीतावहिनींनी हातातली स्टीलची वाटी पुढं केली. खरोखर एवढीशी होती, लहान बाळाला औषध पाजायची असते तेवढी. वीणाताईंनी ती हातात फिरवून बघितली. "ही वाटी आहे होय," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी गिरणी लावून दिली, पहिलं पीठ पडलेलं बघितलं आणि निघालो, कारण मला आता कोणी विचारतच नव्हतं.

शुक्रवारी मंडळात चकल्या झाल्या. कुरकुरीत. कोणी केल्या असं विचारलं तर दोघी एकमेकींकडं बोट दाखवत होत्या.

शनिवारी ठरल्याप्रमाणे केबल घेऊन गेलो. केबल ओढून झाली, शेवटची जोडणी राहिली. ताईंच्या बोर्डावर मेन पाडला, या बोर्डाला माझं कुलूप बसलं, किल्ली खिशात. आता दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. टेस्टर दोनदा लावला आणि डब्यात हात घातला. घरात शांत होतं.

"बंद हाय," भिंतीतून आवाज आला. "बंद हाय. अनारसं सोडतोय एकेक. बंद हाय. ह्या खेपेला हसलं न्हाई एकबी, तुपात फुटलं न्हाई."

"वहिनी," मी म्हटलं, "आज तुमच्या बोर्डाचा संबंध नाही. मी इकडं कुलूप लावलंय. तुम्ही तुमचं काम करा."

"तुमच्यासाठी कोन बोलतंय, हमीदभाई?"

वीणाताई ओट्यापाशी सुपारी कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू बोल ना, ऐकून राहिली मी."

काम दहा मिनिटांचं होतं. मी पाऊण तास लावला.